पायांखालची ऊब

मराठवाड्यांत घर ऊबदार करण्याची गोष्ट कोणीं काढली तर ऐकणारा आधीं हंसतो आणि मग बोलणाराच्या प्रकृतीची चौकशी करतो. वैशाख आला म्हणजे ज्या नांदेडास गोदाकांठीं पारा ४२-४३ अंशांवर चढून बसतो, तेथें म्हणे जमिनीखालीं नळ्या घालून फरशी तापवावयाची! परंतु हंसणाऱ्यानें पौषांतली एखादी पहांट लातुरास काढून पाहावी. समुद्रसपाटीपासून सुमारें ६३० मीटर उंचीवर, बालाघाटच्या उघड्या माळावर वसलेलें हें शहर. दिवसां ऊन लागतें, सूर्य मावळला कीं आकाश निरभ्र असल्यामुळें जमिनीची सारी उष्णता वर निघून जाते, आणि पहांटे चारच्या सुमारास हवा अशी झोंबते कीं काय सांगावें. नांदेड लातूरहून जवळजवळ पावणेतीनशें मीटर खालीं आहे. तरी तेथेंही एखाद्या वर्षीं किमान तापमान दहा अंशांच्या खालीं उतरतेंच. दुलई अंगाला पुरते; प्रश्न पायांचा असतो.

आमच्या घरीं हा प्रश्न हंसण्यावारी गेला नाहीं, याला कारण आमच्या आत्याबाई. त्यांचें वय ८१. लातुरांतील आमच्या एकत्र कुटुंबांत तीन भावांचीं बिऱ्हाडें एकाच स्वयंपाकघरावर चालतात आणि त्या तिन्ही बिऱ्हाडांवर आत्याबाईंचा शब्द चालतो. गेल्या तीन-चार हिवाळ्यांपासून मात्र त्यांच्या गुडघ्यांनीं व पावलांनीं असहकार पुकारला आहे. स्नान आटोपल्यावर देवघरापर्यंत चकचकीत फरशीवरून वीस पावलें चालावयाचीं, तीं त्यांस वीस कोस होतात. गेल्या मार्गशीर्षांत एके रात्रीं त्यांनीं निखाऱ्यांची शेगडी खोलींत मागवून घेतली, खिडक्या लावून घेतल्या, आणि पहांटे धाकट्या वहिनींनीं दार उघडलें तों आत्याबाई हांकेला ओ देईनात. दवाखान्यांत नेल्यावर त्या सांवरल्या. कोंडलेल्या खोलींत कोळसा जळत असला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो; त्याला रंग नाहीं, वास नाहीं, आणि रक्तांत प्राणवायूची जागा अडवून तो माणसाला झोपेंतच घेऊन जातो, असें डॉक्टरांनीं आम्हां सर्वांस उभें करून समजाविलें. त्या दिवसापासून शेगडी अडगळींत गेली. पण थंडी कोठें गेली होती?

हें वर्तमान कॅनडांत टोरांटोस नोकरीला असलेल्या पुतण्याच्या कानीं गेलें, तेव्हां त्याचा लगोलग निरोप आला : आजीच्या खोलींत जमिनीखालून ऊब देणारी योजना बसवा, खर्च मी देतों. घरांत तत्काळ दोन पक्ष पडले. थोरले बंधू म्हणाले, पैसे मुलाचे, पाय आत्याबाईंचे, मग अडतें कोठें? मधल्या बंधूंचें म्हणणें असें कीं, लातूरच्या वर्षांतले नऊ महिने फरशी थंड कशी राहील हीच चिंता असतांना तीन महिन्यांसाठीं जमीन उकरणें हा शुद्ध वेडेपणा होय. आम्ही कोणत्याच पक्षांत नव्हतों. म्हणून असें ठरलें कीं, आत्याबाईंना बरोबर घेऊन चार दिवस मोटारीनें लातूर व नांदेड हे दोन जिल्हे हिंडावे, या मुलखांतलीं माणसें थंडी-उन्हाशीं पिढ्यान्‌पिढ्या कशीं वागत आलीं तें पाहावें, आणि मग काय तें ठरवावें. आत्याबाईंना देवदर्शनाचें आमिष होतेंच.

जमीन तापविण्याची कल्पना नवी नव्हे. रोमन लोक दोन हजार वर्षांपूर्वीं फरशी आंखूड खांबांवर उचलून घेत आणि खालच्या पोकळींतून भट्टीची ऊन हवा फिरवीत. कोरियांत चुलीचा धूर जमिनीखालच्या दगडी वाटांतून खेळवून मगच बाहेर सोडण्याची रीत फार जुनी. तिला ते ओंडोल म्हणतात. आपल्याच देशांत काश्मिराकडे मशिदींना लागून हमाम असतो. दगडी लाद्यांखालीं लांकडें जळत असतात आणि वर गांवकरी कांगडी बाजूस ठेवून बसलेले असतात. आणि आपल्याकडे? बाळंतिणीच्या बाजेखालीं ठेवलेली निखाऱ्यांची शेगडी आठवा. आमच्या मतें मराठी घरानें खालून ऊब देण्याचा काढलेला उपाय तोच. मात्र तो जमिनीला न देतां माणसाला दिला, आणि तोही दीड महिन्यापुरता. जुन्या घरांत छताला झरोका असे, दारांच्या फटींतून वारा खेळे, म्हणून त्या शेगडीनें घात केला नाहीं. आतांच्या खोलीला फट म्हणून उरलेली नाहीं.

हल्लींची योजना दोन प्रकारची असते. एकींत फरशीखालीं नळ्यांचीं वेटोळीं घालून त्यांतून ३५ ते ४५ अंशांचें कोमट पाणी फिरवितात. दुसरींत विजेच्या तारांची जाळी पसरतात. दोहोंतही खालीं उष्णतारोधक थर घालावा लागतो. नाहीं तर पैशाची ऊब काळ्या आईच्या पोटांत जाते. फरशीचा पृष्ठभाग २९ अंशांच्या वर जाऊं देत नाहींत, कारण त्याहून ऊन फरशीवर फार वेळ उभें राहणें पायांस बाधतें.

प्रवासास निघालों तो प्रथम औशाकडे. औशाचा भुईकोट किल्ला बाहेरूनच पाहिला, आणि किल्लारीचा रस्ता धरला. आत्याबाई गाडींत गप्प होत्या. याचें कारण वाचकांस सांगितलें पाहिजे. त्यांचें सासर किल्लारीपासून चार कोसांवरच्या एका गांवीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे चारला चार-पांच मिनिटें कमी असतांना जो भूकंप झाला, त्यानें लातूर व उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) या दोन जिल्ह्यांतलीं कित्येक गांवें जमीनदोस्त केलीं. सरकारी गणतीप्रमाणें सुमारें आठ हजार माणसें गेलीं, व पुष्कळांच्या मतें याहून अधिक. आदल्या दिवशीं अनंत चतुर्दशी होती. गणपति पोंचवून दमलेलीं माणसें घरांत गाढ निजलीं होतीं. आत्याबाई भांड्यांचा पसारा आवरून उशीर झाला म्हणून अंगणांतच कलंडल्या होत्या. त्यांच्या सासूबाई आंत माजघरांत होत्या. यापलीकडे त्या कधीं बोलत नाहींत आणि आम्हीही विचारीत नाहीं.

माणसें मारलीं तीं धरणीनें नव्हे, घरांनीं. आणि तीं घरें कोणतीं, तर ज्यांची थंडी-उन्हासाठीं आपण तारीफ करतों तींच. मराठवाड्याचें माळवद म्हणजे दोन-अडीच फूट, कोठें त्याहूनही जाड, मातींत रचलेल्या दगडांच्या भिंती. त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर पाला-काटक्या आणि त्यावर गांवठाणची पांढरी माती, फूट-दोन फूट. दरवर्षीं पावसाळ्याच्या तोंडीं गळती नको म्हणून आणखी चार पाट्या माती वर पडे. पण जुनी कोणी काढीत नसे. अशा रीतीनें तीन पिढ्यांत छत घरावर डोंगरासारखें बसे. या मातीला उष्णता पार करावयास दिवसचा दिवस लागतो, म्हणून दुपारचें ऊन आंत पोंचेपर्यंत रात्र होते आणि पहांटेचा गारठा पोंचेपर्यंत सूर्य वर येतो. घर ना तापतें ना गारठतें. पण त्याच ओझ्याखालीं त्या पहांटे माणसें गाडलीं गेलीं. जेथें छताचा भार भिंतींवर न टाकतां लांकडी खांबांवर घेतला होता, तेथें कांहीं ठिकाणीं भिंती ढांसळूनही छत उभें राहिलें. भूकंपानंतर जाणत्यांनीं जुन्या घरांविषयीं पहिला सल्ला दिला तो हाच कीं, माळवदावरची माती कमी करा.

नव्या किल्लारींत सरळ रेघेचे रस्ते व सारख्या घरांच्या रांगा आहेत. एका घरीं चहा घेतला. घरधनीण म्हणाल्या, “भीती गेली, पण उन्हाळ्यांत आंत बसवत नाहीं.” हें एक वाक्य आमच्या वहींत आम्हीं त्याच रात्रीं उतरून ठेवलें, कारण आमच्या प्रश्नाचें मूळ तेंच आहे असें वाटलें. चार-पांच इंच जाडीची काँक्रीटची पाटी दुपारीं वरून पन्नास-साठ अंशांपर्यंत तापते व ती उष्णता संध्याकाळीं आंत सोडते. हिवाळ्यांत उलट, रात्रभर आकाशाकडे उष्णता फेंकून पहांटे तीच पाटी खोलींतल्या माणसांची ऊब शोषते. पाय थंड झाले म्हणून आपण फरशीस दोष देतों. गुन्हेगार पुष्कळदां डोक्यावर असतो.

तेथून उदगीर. १७६० सालच्या मराठे-निजाम युद्धामुळें हें नांव शाळकरी मुलांसही पाठ असतें. किल्ल्याविषयीं येथें लिहीत नाहीं, कारण त्यासाठीं वेगळा लेख हवा. उदगीरहून जळकोटमार्गें कंधारास जातांना एका खेड्यांत, ओळखीच्या देशपांडे-वतनी घराण्याचा वाडा अजून राहता आहे. बाहेर दोनप्रहरचें ऊन चढलें होतें. आंत माजघरांत शिरलों तों सांवलीचा गारवा अंगाला लागला, पण जमिनीला पाय लागला तो मात्र गार लागला नाहीं. जमीन सारवलेली, मातीची. आत्याबाई उंबऱ्याशीं थबकल्या. वर पाहिलें, खांब मोजले, आणि मग आंत येऊन भिंतीला न टेकतां मधोमध बसल्या. पावलें त्यांनीं जमिनीवर पसरलीं व पुष्कळ वेळ तळवे फिरवीत राहिल्या. गेल्या तीस वर्षांत मातीच्या छताखालीं त्या प्रथमच बसल्या होत्या. चार वाजतां म्हणाल्या, “चला रे, दिवेलागणीच्या आधीं निघूं या.” रात्रीं राहण्याचा यजमानांचा आग्रह त्यांनीं मानला नाहीं.

गाडींत बसल्यावर त्या आपण होऊन बोलल्या : “माती पायांखालीं असूं दे, डोक्यावर नको.”

आमच्या धाकट्या पुतणीनें, ती पदार्थविज्ञान शिकते, याचें स्पष्टीकरण केलें. पाऊल थंड पडतें तें फरशी थंड असल्यामुळें तितकेंसें नव्हे, जितकें ती पावलाची उष्णता झपाट्यानें ओढून नेते म्हणून. एकाच खोलींत फरशी, मातीची जमीन आणि घोंगडी रात्रभर ठेवलीं तर तिघांचें तापमान पहांटे जवळजवळ एकच असणार. पण दगड मातीपेक्षां कितीतरी पट वेगानें उष्णता वाहतो, आणि लोकर तर वाहतच नाहीं म्हटलें तरी चालेल. दुसरी गोष्ट तिनें सांगितली ती आम्हांस अधिक नवी होती. जमिनींत दहा-पंधरा फूट खालीं गेलें तर तेथें ना उन्हाळा ना हिवाळा. वर्षाची सरासरीच बारमास नांदत असते, आणि या भागांत ती सुमारें २६ अंश आहे. म्हणजे कॅनडांत जमिनीखालीं गारठा असतो म्हणून तिला तापवावें लागतें. येथें तळमजल्याखालची भूमि आधींच ऊबदार आहे. आपण मात्र चकचकीत फरशी घालून त्या उबेची आणि पावलाची ताटातूट करतों. मोटार हांकणारे मधले बंधू हें ऐकून दोनदां खांकरले. त्यांना त्यांचा पक्ष जिंकल्यासारखें वाटलें असावें.

कंधारचा जगत्तुंग समुद्र नांवाचा राष्ट्रकूटकालीन तलाव पाहून नांदेडास पोंचलों. पहांटे सचखंड हुजूर साहिबचें दर्शन. गुरु गोविंदसिंह १७०८ सालीं येथें निजधामास गेले. हल्लींचें मंदिर महाराजा रणजितसिंहांच्या आश्रयानें १८३२ ते १८३७ या काळांत उभें राहिलें. पांढऱ्या संगमरवरावरून अनवाणी चालतांना आम्हां लातूरकरांचे पाय बधिर झाले. शेजारून पंजाबांतली एक वृद्ध माउली एका पातळ ओढणीवर खुशाल चालली होती. थंडी ही सापेक्ष आहे खरी, पण हें आत्याबाईंना सांगण्याची छाती कोणास झाली नाहीं. त्या जाजमावरूनच चालल्या. नंतर जुन्या नांदेडांत, होळीच्या गल्लींत, एका स्नेह्यांकडे जेवावयास गेलों. त्यांनीं वरच्या मजल्यावर नव्या तऱ्हेची फरशी घातली आहे, आणि त्यांची आई त्या मजल्यावर पाऊल ठेवीत नाहीं. खालीं जुन्या शहाबादी फरशीवर घोंगडी, घोंगडीवर पाट, अशा थाटांत ती दिवस काढते.

शेवटचा मुक्काम उनकेश्वर. किनवट तालुक्यांत, पैनगंगेच्या बाजूस, शंकराच्या देवळाजवळ गंधकयुक्त ऊन पाण्याचे झरे आहेत. शरभंग ऋषींची व्याधि जावी म्हणून प्रभु रामचंद्रांनीं बाण मारून हें पाणी काढलें असें स्थळमाहात्म्य सांगतात. भूगर्भशास्त्र म्हणतें कीं, पावसाचें पाणी खडकांच्या भेगांतून फार खोल उतरतें, पृथ्वीच्या पोटांत दर किलोमीटरास पंचवीस-तीस अंश उष्णता वाढत जाते, आणि तेथें तापलेलें पाणी दुसऱ्या भेगेनें वर येतें. दोन्ही हकीकतींत पाणी ऊनच आहे. आत्याबाई पायरीवर बसून पाण्यांत पाय सोडून होत्या. अर्ध्या तासानें उठल्या त्या कोणाचा हात न धरतां गाडीपर्यंत चालत आल्या. हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें, म्हणून ऊब हा म्हातारपणाचा चोचला आहे असें म्हणणारास आम्ही यापुढें उत्तर देणार नाहीं.

घरीं परत आल्यावर हिशेब मांडला. आत्याबाईंची खोली १२ फूट रुंद व १४ फूट लांब, म्हणजे १६८ चौरस फूट. विजेच्या जाळीस चौरस फुटाला सुमारें दहा वॅट धरले तर पावणेदोन किलोवॅटच्या आसपास भार येतो. रोज सहा तास चालविली तर रात्रीं दहा युनिटें. थंडीच्या साठ रात्रींचीं सहाशें. युनिटास दहा रुपये धरले तरी हंगामाचे सहा हजार. कॅनडाच्या पगारास ही रक्कम जड नाहीं. नळ्यांच्या योजनेंत पाणी तेंच तें फिरत राहतें, तरी ज्या लातुरास २०१६ सालीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेथें “घराच्या जमिनींत पाणी खेळवितात” असें शेजाऱ्यांत सांगावयाचें म्हणजे तोंड चुकवावें लागेल. हें थोरल्या वहिनींचें मत. खरी अडचण पैशाची नाहींच. जाड फरशी तापावयास दोन-चार तास घेते, आणि आमची थंडी पहांटे तीनला येऊन आठाला जाते. म्हणजे तिच्यासाठीं रात्रीं अकराला, घर अजून ऊनच असतांना, कळ दाबली पाहिजे. नेमकी तेव्हां वीज गेली तर? शिवाय आत्याबाईंच्या तळव्यांना आतां गरम-गार नीट कळत नाहीं. उनकेश्वरीं पाणी किती ऊन आहे तें त्यांनीं आम्हांसच विचारलें होतें.

पुतण्याला सविस्तर पत्र लिहिलें. त्यानें तें मनास लावून घेतलें नाहीं. उलट पैसे पाठवून दिले व लिहिलें कीं, आजी म्हणेल तें करा. आजीनें तर कंधारच्या वाटेवरच सांगून ठेवलें होतें. तिची खोली तळमजल्यावर आहे. तेथली फरशी उखडली. खालीं काळी माती फुगते-आकसते म्हणून ती दोन फूट काढून मुरूम भरून धुमसला. वर पांढरी माती भुसकट कालवून चोपण्यानें आठ दिवस चोपली. गवंडी तरुण होता. त्यानें असलें काम कधीं केलें नव्हतें. त्याच्या आजोबांना गांवाहून बोलावून आणलें, ते बाजेवर बसून सांगत आणि नातू चोपी. उरलेल्या पैशांतून गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा जाड कोबा करून त्यावर चुन्याची सफेदी दिली. एवढ्यानें स्लॅबवर भार किती वाढतो हें इंजिनिअरांकडून आधीं लिहून घेतलें, कारण त्याशिवाय आत्याबाई खोलींत झोंपावयास तयार नव्हत्या. खिडकीच्या वर एक झरोकाही ठेवविला आहे.

आतां एकच प्रश्न राहिला, तो म्हणजे सारवणार कोण. थोरल्या वहिनींनीं लग्न झाल्यापासून शेणांत हात घातलेला नाहीं व आतां घालणार नाहींत. धाकट्या वहिनी तयार आहेत, पण त्यांना शाळेची नोकरी आहे. कामाला येणाऱ्या बाई औसा तालुक्यांतल्या. त्या म्हणाल्या, आठवड्यांतून एकदां मी सारवीन, पण शेण ताजें पाहिजे. गंज गोलाईपलीकडच्या एका गवळ्यानें दर शनिवारीं पाटीभर देण्याचें कबूल केलें आहे.